कपाळावरचं यंत्र

मी एक जुना, लहानसा लॅपटॉप आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. तुमच्या निबंधाच्या वहीत छत्री बोलते, मोडकी खुर्ची बोलते. त्या बिचाऱ्या गोड गळ्यानं "आम्हाला जपा हो" म्हणतात आणि गप्प बसतात. मला तसलं जमत नाही. माझी सगळी हयात कोल्हापुरात गेली. इथं माणूस पावण्याला प्रेमानं जेवायला बसवतो तेव्हासुद्धा शेजाऱ्याला वाटतं, भांडण जुंपलंय. तेव्हा माझा आवाज चढला तर मनाला लावून घेऊ नका. ज्यांच्यावर चिडलोय ते वेगळे आहेत.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. मला घडवणाऱ्यांना एकच वेड होतं, बारीक करायचं. आणखी बारीक, आणखी हलकं. त्या नादात त्यांनी माझी मेमरी बोर्डावर कायमची सोल्डर करून टाकली. पुढं कुणाला वाढवावीशी वाटली तर? नाही वाढवायची. बॅटरी पोटात कोंडली. पंखा दिला तो करंगळीच्या नखाएवढा. आणि वर जाहिरात केली, "कुठंही न्या." अरे, न्यायला न्याल, पण म्हातारपणी माझं काय करायचं, ते कोण सांगणार?

एकच भाग बदलता येईल असा ठेवला, तो म्हणजे वायरलेस कार्ड. हवेतून येणारं इंटरनेट पकडतं ते हे कार्ड. दिसायला पोस्टाच्या तिकिटाएवढं. त्याला दोन बारीक वायरी असतात, एक काळी, एक पांढरी. त्या माझ्या बिजागरीतून वर झाकणात जातात. झाकण सगळं धातूचं, फक्त वरच्या कडेला मधोमध प्लॅस्टिकची एक पट्टी आहे आणि तिच्या आड माझ्या दोन अँटेना आहेत. त्यांना माझे कान समजा. धातूच्या आड कान चालत नाहीत, म्हणून ती प्लॅस्टिकची जागा सोडलेली. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्या पट्टीवरच घडलं.

मला विकत घेतलं अभिनंदन यांनी. ते शिरोलीच्या एका फौंड्रीचा माल विकायचे. आज बेळगाव, उद्या पुणे, परवा हुबळी. एसटीत मांडीवर मला उघडायचे आणि गाडी कात्रजच्या घाटात वळणं घेत असतानाही माझ्यावर हिशेब करायचे. लोक वाकून बघायचे. "डब्याएवढा हाय की ओ," म्हणायचे, आणि अभिनंदन मिशीत हसायचे. तेव्हा मी काय रुबाबात होतो म्हणून सांगू! मग फौंड्रीनं त्यांना मोठा, नवा लॅपटॉप दिला आणि मी कळंब्याच्या घरात कपाटात गेलो. खाली सतरंजी, वर चकल्यांचा डबा. वर्षं गेली. कुणी एकदा चार्जिंगलासुद्धा लावलं नाही. दिवाळीला डबा काढायचे, तेव्हा मला तेवढा उजेड दिसायचा, आणि मला वाटायचं, आता घेतील. डबा परत माझ्या छातीवर यायचा.

मला बाहेर काढलं ते आदितीसाठी. अभिनंदन आणि दीपा यांची ही मुलगी. सहा वर्षांची, डोळे मोठे, वेणीला रोज नवा रंग. तिला जन्मापासून ऐकायला फार कमी येतं. कानामागं श्रवणयंत्र बसवलेलं, पण यंत्र बसवलं म्हणजे बोलता येतं असं नाही. आवाज कानात येतो, पण त्या आवाजाचा अर्थ काय, तो तोंडातून काढायचा कसा, हे एकेक अक्षर करून शिकावं लागतं. ते शिकवायला पुण्याच्या पूर्णिमाताई होत्या. आठवड्यातून काही दिवस त्या व्हिडिओवरून धडा घ्यायच्या. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर आदितीला त्यांचे ओठ नीट दिसेनात, आणि अभिनंदन यांचा मोठा लॅपटॉप त्यांच्याबरोबर गावोगाव फिरायचा. तेव्हा दीपाला माझी आठवण झाली.

आता काय पणाला लागलं होतं ते ऐका. जूनमध्ये आदितीला पहिलीत घालायचं होतं. घराशेजारच्या शाळेच्या बाईंनी सांगितलं होतं की पोरगी बोलायला लागलीय असं पूर्णिमाताईंनी सांगितलं, तर आम्ही आनंदानं घेऊ. नाहीतर दुसऱ्या जिल्ह्यात ऐकू न येणाऱ्या मुलांची, तिथंच राहून शिकायची शाळा होती. ती शाळा वाईट नव्हती हो. पण रात्री आईचं बोट धरून झोपणारी पोर, तिला तिकडं सोडून यायचं या विचारानं दीपा रात्र रात्र जागी राहायची. मे महिन्यात पूर्णिमाताई शेवटची तपासणी घेणार होत्या. निकाल त्यांच्या एका शब्दावर होता, आणि तो शब्द माझ्यातून जाणार होता.

धडा चालायचा आतल्या खोलीत. बाहेरच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, रस्त्याचे हॉर्न आदितीच्या कानामागच्या यंत्रात घुसायचे, म्हणून आत बसायचं. आणि वायफायचा डबा तर सोप्यात! मधे दोन भिंती, आणि माझं कार्ड म्हातारं. शेजारीपाजारी प्रत्येकाचं वायफाय, सगळ्यांचा एकच गलका. पूर्णिमाताई "पाणी" म्हणायच्या, आवाज आधी यायचा, ओठ मागून हलायचे. मित्रांनो, आरशासमोर उभं राहून प, ब आणि म म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. फरक फक्त आवाजात असतो. ओठ आणि आवाज जोडीनं आले तर पोर शिकणार. इथं जोडीच जमेना. आदिती बोट पुढं करून पडद्यावरचे थिजलेले ओठ चाचपायची आणि म्हणायची, "बाणी."

"लक्ष नाहीये तिचं," पूर्णिमाताई म्हणायच्या. मग दीपा तिला रागवायची. आदितीचा चेहरा असा उतरायचा की माझा पंखा घरघरायला लागायचा. लक्ष नाही? अहो, त्या पोरीएवढं लक्ष देऊन जगात माझ्याकडं कुणी बघितलं नव्हतं! चूक माझ्या कार्डाची, शिक्षा तिला. आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. मी नुसता तापायचो.

घरात पद्मावतीआज्जी होत्या, अभिनंदन यांच्या आई. रोज पहाटे अंघोळ करून जैन बस्तीत दर्शनाला जाणाऱ्या. नात बोलावी म्हणून त्यांनी किती उपास केले ते त्यांनाच ठाऊक. धडा चालू असताना त्या माझ्या पाठीमागं, आदितीच्या समोर बसायच्या, म्हणजे आपण चित्रात यायला नको. त्यांना माझ्या झाकणाची पाठ तेवढी दिसायची. एक दिवस त्यांनी बस्तीतून तांब्याचं एक लहान यंत्र आणलं. यंत्र म्हणजे तुमचं मशीन नव्हे. देवाचं नाव आणि आकृती कोरलेला पवित्र पत्रा असतो, त्यालाही यंत्रच म्हणतात. आज्जींनी ते डोळ्यांना लावलं आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून माझ्या झाकणावर बसवलं. कुठं? वरच्या कडेला, मधोमध. "कपाळावर असू दे," म्हणाल्या.

नेमकं माझ्या कानांवर! अर्धा कान झाकला गेला. चित्र आणखी अडखळायला लागलं.

शेवटी अभिनंदन मला राजारामपुरीत विजयसिंह याच्या दुकानात घेऊन गेले. विजयसिंह लॅपटॉप दुरुस्तीत तरबेज, आणि बोलण्यात त्याहून तरबेज. त्यानं माझं पोट उघडलं आणि सांगितलं, ह्यात बदलण्यासारखं एकच हाय, कार्ड. मेमरीचं नाव काढू नका, डिस्क हाय तीच चालंल, तुमचं दुखणं कार्डाचं हाय. बरोबर बोलला. त्यानं एक नवं, झकास कार्ड बसवलं आणि माझं बटण दाबलं. आणि माझ्या पडद्यावर काय आलं ठाऊक आहे? हे कार्ड मान्य यादीत नाही, काढून टाका, मगच सुरू होईन. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं!

मी लाजेनं मेलो. कार्ड चांगलं, जागा बरोबर, वायरी जुळतात, आणि तरी मी नाही म्हणतोय. कारण माझ्या कंपनीनं कारखान्यातच माझ्या डोक्यात यादी कोंबून ठेवलेली, आपली कार्डं तेवढी आत, बाकीच्यांना दार बंद. कशासाठी? पुढं कधीतरी कळंब्यात एका पोरीला प आणि ब शिकायचं असेल, हे त्या यादी करणाऱ्याच्या स्वप्नात तरी आलं असेल का? मित्रांनो, माझा पहिला राग त्याच्यावर आहे आणि तो कधी जाणार नाही.

विजयसिंहनं दोन शिव्या हासडल्या आणि माळ्यावरून माझ्याच जातकुळीतला एक बंद पडलेला लॅपटॉप काढला. पडदा फुटलेला, चाव्या गळलेल्या. पण त्याचं कार्ड माझ्यापेक्षा नंतरचं, चांगलं, आणि कंपनीच्या यादीतलं. ते त्यानं मला बसवलं. मेलेल्या भावाचं कार्ड माझ्या पोटात आलं आणि मी सुरू झालो. दुकानात वायफायचा डबा माझ्या शेजारी हातभर अंतरावर होता. तिथं काय, दगडालासुद्धा रेंज आली असती! चित्र पाण्यासारखं वाहिलं. विजयसिंह खूश, अभिनंदन खूश.

आणि ते कपाळावरचं यंत्र? विजयसिंहला दिसलं होतं की. त्याचा हात तिथवर गेलाही होता. पण त्यानं हात मागं घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "देवाचं हाय. त्याला कशाला हात लावा." अरे गड्या, हात लावू नकोस, पण तोंड तरी उघड! पत्र्याखाली कान झाकलेत एवढं बोलला असतास तर देव रागावला नसता. हा माझा दुसरा राग.

घरी आलो. आतली खोली, दोन भिंती, कपाळावर तांबं. नवं कार्ड बिचारं जीव तोडून ऐकत होतं. थोडा फरक पडला, पण ओठ आणि आवाज काही जुळेनात. आता दीपालाही वाटायला लागलं की मशीन तर दुरुस्त करून आणलंय, म्हणजे दोष पोरीतच असणार.

मग तो दिवस आला, ज्याची आठवण झाली की मला अजून घाम फुटतो, म्हणजे फुटला असता. दीपा माहेरी गडहिंग्लजला गेलेली. आदितीजवळ आज्जी, नेहमीसारख्या माझ्या पाठीमागं बसलेल्या. धडा अर्ध्यावर अडकला. पूर्णिमाताई सांगत होत्या की आज्जी, समोरचं ते यंत्र फार जुनं झालंय, पडदाही लहान पडतो, मुलीसाठी मोठं, चांगलं यंत्र घ्या. म्हणजे कोण? मी! लॅपटॉप बदला म्हणत होत्या. पण त्या शुद्ध बोलणाऱ्या, लॅपटॉपलाही यंत्र म्हणणाऱ्या. आणि ते वाक्य माझ्यातून बाहेर पडलं ते तुकडे तुकडे होऊन. आज्जींच्या कानावर आलं ते एवढंच, "आज्जी... समोरचं... यंत्र... लहान पड... मोठं... घ्या."

आज्जींच्या समोर काय होतं? माझी पाठ, आणि तिच्यावर ते तांब्याचं यंत्र.

मी आतून ओरडत होतो, न्हाई ओ, ते न्हाई, मी! मला काढा, मला बदला! पण मला कोण विचारतंय? आज्जींनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः शहरात जाऊन आल्या आणि तांबटाकडून वीतभर लांबीचं, जाड पत्र्याचं यंत्र कोरून आणलं. पुण्याच्या शिकलेल्या बाई सांगतात म्हणजे त्यात काहीतरी असणारच, असा त्यांचा विश्वास. लहान यंत्र काढून त्यांनी मोठं लावलं. टेपही चांगली दुहेरी लावली. माझे दोन्ही कान पूर्ण बंद झाले.

आणि दोन दिवसांवर तपासणी.

त्या सकाळी अभिनंदन रजा काढून घरी थांबले होते. दीपानं आदितीला नवा फ्रॉक घातला होता. मी सुरू झालो, पूर्णिमाताईंचा चेहरा आला, आणि थिजला. आवाज यायचा, तुटायचा. त्या शब्द सांगायच्या, अर्धा यायचा. आदिती पुढं वाकून, श्वास रोखून बघायची. तिला काय विचारलंय तेच कळत नव्हतं. ती अंदाजानं बोलायची, चुकायची, आईकडं बघायची. मी तापलो. इतका तापलो की अभिनंदन यांनी खालून हात लावला आणि झटकन काढून घेतला. पूर्णिमाताई अखेर हळू आवाजात म्हणाल्या, आणि नेमकं हेच वाक्य धड पोचलं, "दीपाताई, मला वाटतं तिला निवासी शाळेतच पाठवावं."

दीपानं पदराचा बोळा करून तोंडाशी धरला. अभिनंदन खिडकीतून बाहेर बघत राहिले.

पाठीमागं आज्जी उठल्या. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण स्वयंपाकघरातून उलथणं आणल्याचा आवाज आला. पहिल्यांदाच मला त्यांचा राग कळला. तो माझ्या रागासारखाच होता. उलथणं टेपेखाली सरकलं आणि आज्जी त्या यंत्राला म्हणाल्या, "एवढं करून तुला माझी पोरगी दिसत न्हाई व्हय? मग चल माघारी बस्तीत."

टेप फाटली. यंत्र निसटलं आणि शहाबादी फरशीवर खणकन आदळलं.

आदितीनं मान वर केली. माझ्या पाठीमागं काय झालंय ते तिला दिसत नव्हतं. झाकणाच्या पलीकडं काय घडलं ते तिनं बघितलं नाही, मित्रांनो, ऐकलं. आणि ती म्हणाली,

"आज्जी, पडलं."

बडलं नव्हे, मडलं नव्हे. पडलं. ओठ मिटून, फट्कन उघडून म्हटलेला चोख प. आणि तेवढ्यात माझे कान मोकळे झाले होते. तो शब्द माझ्यातून सरळ पुण्याला गेला, न अडखळता. पूर्णिमाताईंचा थिजलेला चेहरा हलला. त्या खुर्चीतून पुढं सरकल्या आणि काय म्हणालीस, परत म्हण, म्हणाल्या. त्यांचे ओठ आणि आवाज जोडीनं आले. आदिती त्यांच्याकडं बघून हसली. तिला ते एका झटक्यात समजलं होतं. "यंत्र पडलं," ती म्हणाली.

मग पाणी झालं, बाहुली झाली, माती झाली. सगळं धडाधड. एकदोन ठिकाणी चुकली, पण पूर्णिमाताईंनी करून दाखवलं की लगेच सुधारायची. दीपा उठली, फरशीवरचं यंत्र उचललं आणि माझ्या कपाळाशी धरलं. चित्र थांबलं. बाजूला घेतलं, चित्र पळालं. तिनं परत धरलं, परत घेतलं. मग ती नवऱ्याकडं बघायला लागली आणि नवरा आईकडं.

आज्जी कडाडल्या. "माझ्याकडं काय बघताय? ताईच म्हटल्या की, समोरचं यंत्र लहान पडतंय, मोठं घ्या. घेतलं की मी."

पूर्णिमाताईंनी कपाळाला हात लावला. आधी त्यांना हसू आलं, मग त्यांचे डोळे भरले. त्यांनी आज्जींची माफी मागितली. मग त्या आदितीला म्हणाल्या, "बाळ, तुझं लक्ष नाही असं मी म्हणत होते. तुझं होतं. माझंच तुझ्यापर्यंत पोचत नव्हतं." आणि दीपाला सांगितलं की शाळेच्या बाईंना मी आजच फोन करते, जूनमध्ये तिला तिथंच घाला.

दीपा रडली, अभिनंदन रडले. आज्जी रडल्या नाहीत. त्यांनी ते यंत्र पदरानं पुसलं, देवघरात नेऊन ठेवलं, आणि येताना ओलं फडकं आणून माझ्या कपाळावरचा टेपेचा चिकटा घासून घासून काढला. त्या म्हाताऱ्या हातांचा मला कधी राग आला नाही, आणि कुणी त्यांना हसलं तर मी खपवून घेणार नाही. त्यांनी जे केलं ते सगळं पोरीसाठी केलं. राग आहे तो यादी करणाऱ्यावर, आणि दिसत असून गप्प राहणाऱ्यावर.

आता मी आतल्या खोलीत टेबलावर असतो. पोटात भावाचं कार्ड, कपाळ मोकळं. मेमरी आहे तेवढीच, बॅटरीनं मान टाकलीय, वायर काढली की मी मेलो. चालायचंच.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. जपायचं तर समोरच्याला जपा. कुणी उत्तर देत नसेल, पुन्हा पुन्हा चुकत असेल, तर "लक्ष नाही" म्हणायच्या आधी बघा, तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत जातंय का. मधे काय चिकटलंय ते शोधा. ते तांब्याचं असो, सोन्याचं असो, श्रद्धेनं लावलेलं असो, हात जोडून बाजूला ठेवा. आणि तुम्हाला दिसलं तर बोला, देवाची शपथ, गप्प बसू नका.

आदिती शाळेत जाते. घरी आली की दप्तर फेकते आणि दिवसभराचं सगळं आज्जींना सांगते, इतक्या मोठ्यानं की परवा शेजारच्या बायडाबाई कुंपणावरून वाकून विचारत होत्या, कसलं भांडण चाललंय म्हणून. आज्जी म्हणाल्या, चालू दे की.